एक वाजून दहा मिनिटांची नोंद

फोन वाजला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बोका माझ्या पलंगाशेजारी, माझ्या चपलांवर हनुवटी टेकून पडला होता. मला ताप होता. सकाळी प्रयोगशाळेत अकरा नमुने लावून झाल्यावर हातातली काचेची नळी थरथरायला लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीला सांगून मी घरी निघून आले. साडेअकराला कुलूप उघडलं, पाणी प्यायले, गोळी घेतली आणि आडवी झाले. या वेळी बोका रोज काय करतो ते मला माहीत नव्हतं. तो काहीच करत नव्हता. मधूनच उठून दारापर्यंत जात होता, फटीला नाक लावून उभा राहत होता, पुन्हा येऊन पडत होता. फोन वाजला, मी सवयीने उचलला आणि सवयीने शेवटपर्यंत वाचलं. 'बोकोबांचा आजचा फेरफटका पूर्ण. वेळ अडतीस मिनिटं. सू तीनदा, शी एकदा, घट्ट. वाटेत एक पांढरी कुत्री भेटली, तिच्याकडे बघून शेपटी हलवली पण जवळ गेले नाहीत, आपला आब राखून राहिले. परतताना शाळेच्या भिंतीच्या सावलीत दोन मिनिटं बसले. पाणी निम्मी वाटी. आज स्वारी खुशीत होती.' सोबत एक फोटो. वाचून मला बरं वाटलं. हे नाकारण्यात अर्थ नाही: आधी बरं वाटलं. नंतर चपलेवरची मान उचलून बोक्याने माझ्याकडे बघितलं.

बोका हा कुत्रा आहे, हे प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. आईला मांजर पाळायचं होतं. दादाने ऑफिसातल्या कुणाकडून तरी कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा आई म्हणाली, मला बोका हवा होता, तर आता हाच बोका. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस बाई दारातून 'बोका' अशी हाक मारतात तेव्हा बाकावर टोपल्या घेऊन बसलेले लोक टोपल्या जवळ ओढतात, आणि मग मी या तपकिरी, पांढऱ्या तोंडाच्या म्हाताऱ्याला घेऊन उठते. बाई दर वेळी हसतात. आई गेली, दादा-वहिनींनी घर लहान केलं, आणि बोका माझ्याकडे आला. याला आता दोन वर्षं झाली. तो अकरा वर्षांचा आहे, मी बावन्न वर्षांची. मी सकाळी आठला घर सोडते आणि सहाला येते. या वयाच्या कुत्र्याने सहा तासांपेक्षा जास्त लघवी धरून ठेवू नये असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी कुत्री फिरवून आणणाऱ्यांची सेवा लावली. दुपारी साडेबाराला बाई येणार, माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडणार, त्याला फिरवून परत ठेवणार आणि फोनवर नोंद पाठवणार. बाईंना मी एकदाच भेटले होते, किल्ली देताना. पन्नाशीच्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी. बोक्याने त्यांचा हात हुंगला आणि तो त्यांच्या पायाशी बसला. मला तेवढं पुरलं.

सेवा सुरू होण्याआधी त्यांच्या ऑफिसने एक फॉर्म पाठवला होता. 'तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे?' खाली चौकोन: वेळ पाळणं, सुरक्षितता, प्रेमळ वागणूक, फोटो. मी सगळ्यांवर खूण केली. शेवटी 'इतर' असं लिहून दोन ओळी सोडल्या होत्या. त्या मला पुरल्या नाहीत. मी पुरवणी जोडली. त्यात सतरा प्रश्न होते. लघवी किती वेळा, रंग कसा. शी घट्ट की सैल. मागचा डावा पाय उचलून धरतो का, धरत असेल तर चढताना की उतरताना. धाप लागली का, किती वेळाने शांत झाली. कोणत्या आवाजाने दचकला. कोण भेटलं, त्याने काय केलं. सतरावा प्रश्न असा होता: तो आनंदात होता का, आणि कशावरून? त्यातल्या 'कशावरून'वर मी खूश होते. निरीक्षणाशिवाय निष्कर्ष लिहू नये, एवढंच मला त्यात म्हणायचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सुरुवातीच्या नोंदी तीन ओळींच्या होत्या. मी त्यांवर आणखी विचारायचे, आणि हळूहळू त्या मोठ्या झाल्या. दीडला मी डबा घेऊन निर्जंतुकीकरणाच्या भट्टीजवळच्या खिडकीत बसते. तिथे ऊब असते आणि दुसरं कुणी येत नाही. तिथे बसून मी नोंद वाचायचे. चार वाजता चहाबरोबर पुन्हा एकदा वाचायचे. मला फोनवर दुसरं काही येत नाही असं नाही. विजेचं येतं, टाकी धुण्याचं येतं, दात दाखवायची वेळ झाली असं येतं. पण माझ्या मालकीच्या एखाद्या गोष्टीकडे कुणीतरी पाऊण तास बघितलं आणि ते मला सांगण्याजोगं वाटलं, असं या नोंदींखेरीज काही नव्हतं. एकदा बोका म्हणे गटाराच्या झाकणावर पाय ठेवायला तयार नव्हता, बाईंनी आधी स्वतः उभं राहून दाखवलं, तेव्हा कुठे 'साहेबांचा आमच्यावर विश्वास बसला'. मी मोठ्याने हसले. सहकारणीने दारातून डोकावून विचारलं, काय गं, एवढं काय आलं? भाच्याचा मेसेज, मी म्हटलं. मला भाचा आहे. तो मला मेसेज पाठवत नाही.

तर, बोका माझ्याकडे बघत होता आणि फोन माझ्या हातात होता. मी लिहिलं, 'पांढरी कुत्री कुणाची होती?' मिनिटभरात उत्तर आलं. 'ते नाही माहीत ताई. गळ्यात लाल पट्टा होता.' मी लिहिलं, 'डावा पाय?' 'आज नाही उचलला. फक्त इमारतीच्या पायऱ्या उतरताना किंचित.' मी वाकून बोक्याचा डावा पाय बघितला. तो त्याने पोटाखाली घेतला होता. 'सावलीत बसला तेव्हा तोंड कुठल्या बाजूला होतं?' 'रस्त्याकडे. येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत होते.' मी त्यांना पकडत होते असं कुणाला वाटेल. पकडतात कसं ते मला ठाऊक आहे, माझं निम्मं काम तेच आहे, आणि त्यासाठी मी असे प्रश्न विचारले नसते. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. खोलीत माझ्यापासून दोन हातांवर एक कुत्रा होता, आणि तिकडे शाळेच्या भिंतीशी दुसरा बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, खुशीत. त्या दुसऱ्याबद्दल मी विचारत होते. मग या खोलीतला उठून पुन्हा दाराकडे गेला, त्याची नखं फरशीवर वाजली, आणि मी फोन उशीवर पालथा ठेवला.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने येतात. विहिरींचे, टाक्यांचे, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या नळांचे. प्रत्येक बाटलीबरोबर एक तक्ता असतो. नमुना घेणाऱ्याने नमुना घेतानाच पाण्याचं तापमान मोजून त्यात लिहायचं असतं. काही जण गाडीत बसून लिहितात. ते ओळखायला यंत्र लागत नाही. मनाने आकडे लिहिणारा माणूस तोच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला घाबरतो. खरं पाणी घाबरत नाही. खऱ्या मोजमापात चोवीस पूर्णांक दोन तीनदा येतं, मग एकदम काहीतरी विचित्र येतं, आणि त्या विचित्र आकड्याशेजारी पेन अडखळल्याची खूण असते. खोटे तक्ते सुबक असतात. बावीस वर्षं मी असे तक्ते परत पाठवत आले आहे, लाल पेनाने एकच शब्द लिहून: 'पुन्हा.' आमचे प्रमुख म्हणतात, मॅडमच्या नजरेतून सुईच्या नाकाएवढं काही सुटत नाही.

मी उठले. भिंतीचा आधार घ्यावा लागला. स्वयंपाकघरातल्या खणात एक वही होती. बोका दाराजवळ फरशी ओली करायला लागला, तेव्हापासून मी त्यात तारखा लिहीत होते. अकरा आठवड्यांत एकोणीस वेळा. ती वही मी डॉक्टरांना दाखवली होती. वयामुळे मूत्रपिंडं थकली असावीत, असं म्हणून त्यांनी रक्त तपासलं, एक आकडा थोडा वर होता, त्यासाठी गोळ्या दिल्या. जिभेच्या मागे ठेवून तोंड धरून ठेवायचं, म्हणजे गोळी गिळली जाते. तो गिळायचा. तोंड सोडलं की खाली बघायचा. ओली फरशी पुसताना मी त्याला रागावले नाही, पण 'आता म्हातारा झालास रे' असं म्हणायचे, आणि ते तो कान पाडून ऐकून घ्यायचा. आता मी वही ओट्यावर उघडली, फोन शेजारी ठेवला आणि तारखा जुळवायला लागले. दोन रकाने शेजारी शेजारी मांडायचे, एवढंच काम. कामावर असले उद्योग मी दिवसातून दहादा करते. घरात एक रकाना खणात होता आणि दुसरा पर्समध्ये. एकोणीस ओल्या दिवसांपैकी सतरा दिवसांच्या नोंदी सगळ्यात लांब होत्या. गटाराचं झाकण त्यातलंच. मी त्या दिवसांचे फोटो उघडले. भर दुपारी एक वाजता काढला म्हणून पाठवलेल्या फोटोत बोक्याची सावली बोक्यापेक्षा लांब पडली होती. दुसऱ्याच वेळचा फोटो. कधीचा कोण जाणे. अकरा आठवडे मी असल्या फोटोंकडे बघून 'छान आला आहे' म्हटलं होतं. फरशी सांगत होती ते पुसून टाकलं, आणि फोनमधलं होतं ते जपून ठेवलं. ज्या दिवशी मी जास्तीत जास्त सुखात होते, त्या दिवशी तो या दारामागे मागचे पाय जुळवून उभा होता.

मी त्याला साखळी लावली. चार मजले उतरताना दोघेही प्रत्येक वळणावर थांबलो. खाली पहिल्याच खांबापाशी तो उभा राहिला, आणि मी धार नकळत मोजली, एकावन्न सेकंद. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. मग त्याने अंग झटकलं आणि चालायला लागला, माझ्याकडे न बघता, वाट ठरलेली असल्यासारखा. या वाटेने मी कधी गेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी मी त्याला दुसऱ्या बाजूला नेते, जिथे रुंद पदपथ आहे. तो शाळेच्या भिंतीकडे वळला नाही. दुकानांच्या रांगेमागे गेला, जिथे खोकी रचलेली असतात आणि भिंतीतून गरम हवा फेकणारी यंत्रं घरघरत असतात. उन्हात मला गरगरायला लागलं होतं. एका बंद पडलेल्या छापखान्याची मागची पायरी होती, वर पत्र्याची सावली. तिथे बाई बसल्या होत्या. दोन कुत्री शेजारच्या नळाला बांधलेली होती. बाई मान खाली घालून दोन्ही अंगठ्यांनी फोनवर लिहीत होत्या, आणि लिहिताना त्यांचे ओठ हलत होते. बोका त्यांच्याकडे गेला, त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि शेपटी हलवली. त्यांनी वर न बघता त्याच्या कानामागे खाजवलं. मग त्यांचा हात थांबला.

"ताई, तुम्ही घरी होतात?"

साडेअकरापासून, मी म्हटलं. त्यांनी फोनकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही. नवल आलं.

"म्हणजे तो समोर होता. आणि तरी तुम्ही विचारत राहिलात, तोंड कुठे होतं म्हणून?"

 मी पायरीवर बसले, बसणं भागच होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी माझ्यापुढे धरली, उरलेलं बोक्याला ओंजळीत पाजलं. मग स्वतःहूनच सांगितलं, रोज नाही. सुरुवातीला कधीच नाही. मग आठवड्यातून एकदा, दोनदा. गेल्या महिन्यात तीनदाही झालं असेल. मी विचारलं, याचीच पाळी का येते? त्यांनी बोक्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कारण तो भुंकत नाही. बाकीच्यांना पाच मिनिटं उशीर झाला की इमारत डोक्यावर घेतात, शेजारी तक्रार करतात. हा गप्प बसतो. मला माहीत आहे तो काय करत असेल ते. माहीत असून नाही यायचे." त्यांनी हे कबुलीसारखं म्हटलं नाही. जे घडत होतं ते सांगावं तसं म्हटलं.

मग त्या नोंदींबद्दल बोलायला लागल्या. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. आधी त्या एका शाळेत होत्या, प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायच्या. सत्तर मुलं. पालक आले की मुलाकडे बघत नाहीत, शेरा बघतात. शेरा चांगला असला तर मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात. इथेही तेच. पहिल्या महिन्यात त्या लिहायच्या, 'फिरवलं, सगळं ठीक.' मालक नाराज. एकाने ऑफिसला कळवलं, बाईंना माझ्या कुत्र्यात रस दिसत नाही. त्या वेळी त्या त्याच्या कुत्र्याला तासभर फिरवत होत्या. "फिरवण्याचं कुणाला पडलंय ताई? फिरवणं दिसत नाही. वाचायला मिळतं ते दिसतं. आणि त्यात तो कागद आला."

कुठला कागद, मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"कुणी एक मालकीण आहे. सतरा प्रश्न लिहून पाठवलेत तिने. ऑफिसला इतके आवडले की मोठे छापून भिंतीवर लावलेत, वर मथळा, गिऱ्हाइकाला हे हवं असतं. आता फोनवर सतरा रकाने आहेत, सतराच्या सतरा भरल्याशिवाय फेरी झाली असं धरतच नाहीत. एका कुत्र्याचे भरायला पंधरा मिनिटं. सात कुत्री आहेत माझ्याकडे. चालायचं कधी? त्या बयेला म्हणावं, एकदा ये आणि सातजणांच्या शीचा रंग बघत उन्हात उभी राहा."

"तो कागद माझा आहे," मी म्हटलं.

यंत्रांची घरघर चालू होती. नळाला बांधलेल्या कुत्र्यांपैकी एकाने जांभई दिली.

"तरीच," बाई म्हणाल्या. "प्रश्न बरोबर आहेत तसे. नर्स का तुम्ही?"

मी पाणी तपासते, असं सांगितलं. कुणाचं, त्यांनी विचारलं. सगळ्यांचं, मी म्हटलं. त्या हसल्या, आणि मलाही हसू आलं, तापाने कोरड्या पडलेल्या ओठांना ते दुखलं.

आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती तेव्हा ती दादाकडे होती, आणि मी इथे. मला रजा मिळाली असती. मी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचे. आई आज किती जेवली, किती पाणी प्यायली, कुशीवर वळवलं का, कितीदा, पाठीवरची लाली वाढली की कमी झाली, कुणाची आठवण काढली का. दादा सांगायचा. अर्धी वाटी. चार पेले. तीनदा. कमी आहे. आज तुझं नाव घेतलं. मी ते लिहून घ्यायचे, तारीख घालून, आणि मग मला झोप लागायची. तेराव्या आठवड्यात मी म्हटलं, मी येऊ का? तो म्हणाला, अगं काही गरज नाही, छान चाललंय. ती गेल्यावर मी गेले. खोलीत सूप भरवायची वाटी आणि लांब दांड्याचा चमचा होता, वहिनी तो धुऊन पुसत होती. मी म्हटलं, दादाने सगळं फार नेमाने केलं. वहिनी चमचा पुसतच राहिली. म्हणाली, "नेमाने खरंच. सातला त्यांना भरवायची वेळ असायची, वन्सं. हे बाहेर पायरीवर तुमच्याशी बोलत बसायचे. तुमचे प्रश्न संपेपर्यंत सूप गार व्हायचं. मग त्या म्हणायच्या, नको आता." मला तेव्हा वाटलं होतं, वहिनी टोमणा मारते आहे, तिचा स्वभावच तसा. बंद छापखान्याच्या पायरीवर, गुडघ्याला बोक्याची ऊब लागत असताना, मी ते वाक्य पहिल्यांदा नुसतं माहिती म्हणून ऐकलं. सात वाजता. वीस मिनिटं. रोज.

बाईंनी नळाची कुत्री सोडली. दोघांना घेऊन उभ्या राहिल्या आणि शेवटी जे विचारायचं ते विचारलं. "कळवणार आहात ना ऑफिसला?"

मी कळवलं असतं तर त्यांचं काम गेलं असतं, हे त्यांनी म्हटलं नाही. "कळवा," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबरच आहे. पण मग दुसरी कुणी येईल, आणि तिलाही सतराच भरायचे आहेत." मी म्हटलं, तुम्ही फक्त त्याला चालवा. मला काही लिहू नका. त्या म्हणाल्या, रकाने रिकामे सोडता येत नाहीत. मी बोक्याकडे बघितलं. तो कुणाकडे जायचं ते ठरवत नव्हता, आमच्या दोघींच्या मधोमध उभा होता, जिभेवरून पाणी गळत होतं. कागद मागे घेते म्हणावं तर तो आता माझा राहिला नव्हता, भिंतीवर गेला होता.

"नोंद मी लिहीन," मी म्हटलं. "एक वाजता तुम्हाला पाठवीन. तुम्ही तीच पुढे पाठवा. तुम्ही चाला."

ताप तीन दिवसांनी उतरला. चौथ्या दिवशी मी भट्टीजवळच्या खिडकीत डबा न उघडता बसले आणि लिहिलं. वेळ चाळीस मिनिटं. सू दोनदा. पहिल्यांदा हात आखडला, कारण मी हे कधीच केलेलं नाही, एकदाही नाही, शिकत असतानासुद्धा नाही. मग जमायला लागलं. एक वाजून दहा मिनिटांनी ती नोंद माझ्याकडे परत आली, अक्षरही न बदलता, एका शब्दात माझी चूक झाली होती ती तशीच. मी ती वाचली. चार वाजता पुन्हा वाचली. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी चाचरत विचारलं, आणखी दोघांच्या जमतील का, आणि महिनाअखेरपर्यंत मी सातही कुत्र्यांच्या नोंदी लिहीत होते. बाकीच्या सहांना मी बघितलेलं नाही. मी तोच आकडा लागोपाठ येऊ देते. तीन दिवस काहीच न घडल्यासारखं लिहिते आणि चौथ्या दिवशी एकदम काहीतरी विचित्र. कुणालाही संशय येणार नाही. एकदा बाईंनी एका मालकाचं उत्तर मला पुढे पाठवलं. 'आज खरंच मांजरीला बघून मागे सरला का? दिवसभरात एवढंच हसलो.' त्याच दिवशी दुपारी माझ्या टेबलावर एक तक्ता होता, सहा विहिरी, सहाही तापमानं सुबक. मी लाल पेन उचललं. 'पुन्हा' लिहायला मला नेहमीपेक्षा वेळ लागला. लिहिलं मात्र.

फरशी ओली होणं थांबलं. वहीत त्यानंतर एकच तारीख आहे, आणि त्या दिवशी बाई स्वतःच आजारी होत्या. तसं त्यांनी कळवलंही होतं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा खाली आला होता. त्यांनी गोळी बंद केली आणि विचारलं, काय बदललंत? फिरणं वाढवलं, मी म्हटलं.

काल सहाला मी दार उघडलं. मधले तीन महिने किल्लीचा आवाज झाला की तो दारावर उड्या मारायचा, कण्हायचा, माझ्या पायांत यायचा, मला चपलाही काढू द्यायचा नाही. मी सहकारणीला सांगायचे, मला बघितलं की वेडा होतो गं. ती म्हणायची, नशीबवान आहेस, माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. काल तो खिडकीखाली आडवा पडला होता, पाय लांब करून. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, एक डोळा उघडला आणि मिटला. परवाही असंच, त्याच्या आदल्या दिवशीही. तो दमलेला होता. त्याला माझ्याकडून तातडीचं काही नको होतं. पर्स दाराशीच ठेवून मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याच्या अंगाला उन्हाचा आणि मातीचा वास येत होता. पुढच्या पंजात, बोटांच्या मधे, काहीतरी अडकलं होतं. वाळलेल्या गवताचं कुसळ. आमच्या रस्त्यावर गवत नाही, दुकानांमागे नाही, शाळेच्या भिंतीशी सिमेंट आहे. मी काल लिहिलेल्या नोंदीत तो फळविक्याच्या गाडीपाशी थांबला होता. म्हणजे कुठेतरी, चालत जाण्याइतक्या अंतरावर, मोकळी जागा आहे, गवत वाळलं आहे, आणि ते दोघे तिथे जातात. फोन पर्समध्ये होता, पर्स दाराशी. मी उठले नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याचा पंजा जवळ घेतला. दुसरं कुसळ जरा आत होतं. ते काढताना त्याने झोपेतच पाय आखडून घेतला, आणि थोड्या वेळाने परत माझ्या हातात सोडला.